लाइव्हवरचे व्ह्यूअर विकत घेऊ का? मैदानं लाइव्ह करणाऱ्या एका भावाला उत्तर

भावा, तुझा प्रश्न मला कळला तसा आधी सांगतो. कोरेगाव तालुक्यातून तू बैलगाडा आणि कुस्तीची मैदानं यूट्यूबवर लाइव्ह दाखवतोस, वर्ष होऊन गेलं, लाइव्हला चाळीस-साठ लोक असतात, फायनलला कधी दीडशे. आणि तेच मैदान दाखवणारं दुसरं एक चॅनल चार हजार दाखवतंय. यात्रा कमिटी आता पहिला प्रश्न 'लाइव्हला किती असतात?' असाच विचारते, आणि टेलिग्रामवरचा एक जण हजार लाइव्ह व्ह्यूअर 'नॉन ड्रॉप, रिफिल गॅरंटी' (आकडा घटणार नाही, घटला तर परत भरून देतो) म्हणून द्यायला बसलाय. घेऊ का नको, आणि नाही घेतले तर चॅनल वाढवू कसं. शिवाय मित्राने मागं पाचशे सबस्क्रायबर विकत घालून दिलेत त्याचं काय करायचं, हे शेवटी विचारलंयस.

मी विट्याकडचा, बरीच वर्षं हेच काम करतोय, आधी नुसत्या कुस्त्या दाखवायचो, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना अटींवर परवानगी दिल्यावर बैलगाडा पण सुरू केला. माझं उत्तर सरळ आहे, घेऊ नकोस. पण एवढं सांगून तुझं भागणार नाही हे मला कळतं, कारण कमिटीवाला समोर उभा राहून आकडा विचारतो तेव्हा पोटात काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या प्रश्नात खरं तर दोन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्यात. एक म्हणजे लोक कमी का येतात आणि आलेले टिकतात का, हे तुला नक्की माहीत नाही. दुसरी म्हणजे कमिटीकडं तुला जोखायला एका आकड्याशिवाय काहीच नाही. विकत घेतलेल्या व्ह्यूअरनी दुसरी अडचण चार-सहा महिने झाकली जाते आणि पहिली कायमची बिघडते. माझ्या मते सगळा मुद्दा इथंच आहे.

आधी हे हजार लोक असतात कोण ते बघ. माणसं नसतातच बहुतेक. कुठंतरी सर्व्हरवर शेकडो ब्राउझर उघडून त्यात तुझं लाइव्ह चालू ठेवतात, वेगवेगळे आयपी दाखवायला प्रॉक्सी लावतात. काही जण दुसऱ्याच वेबसाइटच्या मागं लपलेल्या खिडकीत तुझा व्हिडिओ आवाज बंद करून चालवतात, म्हणजे तो माणूस सिनेमा डाउनलोड करायला आलेला असतो आणि आपण एक मैदान 'बघतोय' हे त्याला माहीतच नसतं. तिसरा प्रकार 'तू माझं बघ मी तुझं बघतो' वाल्या ग्रुपचा, तिथं माणूस खरा असतो पण फोन खिशात असतो. ज्या पॅनेलवरून हे विकतात तिथं आकड्याप्रमाणं रेट ठरलेले असतात, तुझ्याशी बोलणारा पोरगा बहुतेक वेळा मधला एजंट असतो, त्याला पण माहीत नसतं माल कुठून येतो.

यूट्यूबच्या नियमात हे सरळ बसत नाही. व्ह्यूज, लाइक, सबस्क्रायबर पैसे देऊन किंवा ऑटोमॅटिक पद्धतीने वाढवणं, आणि सब के बदले सब (तू मला सबस्क्राइब कर, मी तुला) सुद्धा, त्यांच्या फेक एंगेजमेंटच्या नियमात मोडतं. व्हिडिओ काढला जाऊ शकतो, स्ट्राइक येऊ शकतो, चॅनल बंद होऊ शकतं. आणि तू नाही, तुझ्या वतीने दुसऱ्याने घेतले असले तरी जबाबदारी तुझ्यावरच येते. मॉनेटायझेशन, म्हणजे जाहिरातीतून कमाई, चालू असेल तर अजून वाईट, खोट्या ट्रॅफिकवर दिसलेल्या जाहिरातींचे पैसे गुगल कापून घेतं, आणि प्रकार मोठा असेल तर हे पैसे ज्यातून मिळतात ते गुगलचं अॅडसेन्स खातंच बंद होतं. हे काय एकट्या यूट्यूबचं दुखणं नाही, गेमिंगवाले वापरतात त्या ट्विचने एप्रिल २०२१ मध्ये पंचाहत्तर लाखांच्या वर बॉट (आपोआप चालणारी खोटी) खाती ओळखून कारवाई केल्याचं स्वतः जाहीर केलं होतं. आता प्रत्येक वेळी पकडतात का? नाही पकडत. चार-चार महिने कुणाला काहीच होत नाही, मग एका दिवशी होतं. त्यामुळं 'त्याला कुठं काय झालं' हा हिशेब धरू नकोस.

अजून एक धोका आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. हे विकणारे कधी कधी 'चॅनलचा मॅनेजर अॅक्सेस दे' म्हणतात, कधी एखादं सॉफ्टवेअर पाठवतात. देऊ नकोस आणि उघडू पण नकोस. ब्राउझरमधल्या कुकीज चोरून चॅनल पळवायचा धंदाच आहे, गुगलच्या सुरक्षा टीमने २०२१ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. पासवर्ड आणि टू स्टेप असून सुद्धा चॅनल जातं, कारण लॉगिन झालेलं सेशनच उचललेलं असतं, आणि मग तुझ्या मैदानाच्या चॅनलवर रातोरात क्रिप्टोचं लाइव्ह चालू होतं.

पण समजा यातलं काहीच झालं नाही, तरी मी घेऊ नको म्हणेन. कारण लाइव्ह करणाऱ्याला सगळ्यात जास्त शिकवतो तो यूट्यूब स्टुडिओमधला, म्हणजे चॅनलची आकडेवारी दाखवणाऱ्या अॅपमधला, ग्राफ. खऱ्या मैदानाचा ग्राफ बघितलायस ना? सकाळी गट (पहिल्या फेऱ्या) सुरू होतात तेव्हा थोडी माणसं, दहा-अकराला वाढतात, दुपारी जेवणाची सुट्टी झाली की धाडकन खाली, सेमी फायनलला परत चढ, फायनलचा झेंडा पडायच्या आधी टोक, आणि निकाल लागला की दोन मिनिटात निम्मे गेले. मध्येच एखाद्या नामांकित बैलाचं नाव निवेदकाने पुकारलं तर तिथं पण एक उंचवटा दिसतो. आता विकत घेतलेल्या लाइव्हचा ग्राफ बघ. १,०१२, १,००९, १,०११, १,०१०. निवेदक जेवायला गेलाय, पट्ट्यावर पाण्याचा टँकर फिरतोय, कॅमेऱ्यासमोर मोकळं रान, आणि आकडा जागचा हलत नाही. मग एका ठरलेल्या मिनिटाला सगळे एकदम गायब. यातून तुला काय कळणार? आवाज गेला तेव्हा किती लोक गेले, ड्रोनचं चित्र लावल्यावर थांबले का, दुसरा कॅमेरा आणला त्याचा फायदा झाला का, काहीच नाही. तुझे खरे साठ लोक त्या हजारात बुडून जातात आणि त्यांचं म्हणणं तुला ऐकू येत नाही.

शिफारशीचं पण तसंच. लोकांना वाटतं आकडा मोठा दिसला की यूट्यूब आपोआप पुढं ढकलतं. २०१२ पासूनच यूट्यूबने नुसत्या क्लिकपेक्षा माणूस किती वेळ बघतो याला वजन द्यायला सुरुवात केली. दाखवल्यावर लोक उघडतात का, उघडल्यावर थांबतात का, परत येतात का, असं सगळं बघून ते पुढं कुणाला दाखवायचं ते ठरतं. बॉट संध्याकाळी तुझा निकालाचा व्हिडिओ बघायला येत नाही आणि पुढच्या रविवारी परत पण येत नाही.

आता त्या चार हजारवाल्या चॅनलबद्दल. खोटे असतील असं तू गृहीत धरलंयस, असतीलही, पण जरा दमानं. मोठा आकडा म्हणजे खोटाच असं नसतं, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान असेल किंवा कुंडलच्या कुस्त्या असतील तर मोठे आकडे खरे असतात. आणि दुसरं, 'व्ह्यूअर बाहेरच्या राज्यातले दिसतात म्हणजे बॉट' असं तू लिहिलंयस ते आपल्याकडं लागू पडत नाही. आपल्या खानापूर-आटपाडीची, माण-खटावची गलाई व्यवसायातली माणसं केरळ-तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरलीत, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात बसून गावचं मैदान बघतात. जवान सीमेवरून बघतात. केरळमधून बारा लोक दिसले तर ती आपलीच माणसं असायची शक्यता जास्त. शंका कशावर घ्यायची तर चॅटवर. चार हजार लाइव्ह आहेत आणि दहा मिनिटं चॅटमध्ये एक 'राम राम' नाही, कुणी निकाल विचारत नाही, कुणी आपल्या बैलाचं नाव घेत नाही, असं आपल्या पब्लिकमध्ये होऊच शकत नाही. लाइव्ह संपल्यावर त्या व्हिडिओखाली कमेंट किती येतात ते पण बघ. तरी खात्री झाली म्हणून त्याच्याविरुद्ध पोस्ट टाकत बसू नकोस, सगळे एकाच मैदानावर भेटणार आहोत, आणि तुझा वेळ तुझ्या कॅमेऱ्याला लागणार आहे.

आणि उद्या उलटं पण होऊ शकतं, कुणीतरी खोडसाळपणे तुझ्याच लाइव्हवर बॉट सोडले. होतं असं. लाइव्ह चालू ठेव, आकडा कुणाला दाखवून मिरवू नको, स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेव, आणि मॉनेटायझेशन असेल तर अॅडसेन्सला इनव्हॅलिड ट्रॅफिक कळवायचा फॉर्म आहे तो भरून टाक. आपण स्वतःहून कळवलेलं नोंदीत राहिलेलं बरं.

आता कमिटी. इथं मी थोडा वेळ घेणार आहे कारण पोटापाण्याचा प्रश्न तोच आहे. कमिटीला खरं तर लाइव्हचा आकडा नको असतो. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात, गावाबाहेरच्या माणसाला आपलं मैदान दिसावं, आणि वर्गणी-जाहिरात देणाऱ्याला सांगता यावं की तुझं नाव इतक्या लोकांनी बघितलं. आकडा म्हणजे त्यांना सापडलेलं सोपं माप आहे एवढंच. तर तू दुसरं माप घेऊन जा. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट कुणीही बनवतो, तुझ्या फोनमधलं स्टुडिओ अॅप त्यांच्या हातात दे आणि मागच्या मैदानाचं पान उघड. लाइव्हला सगळ्यात जास्त एका वेळी किती होते, सरासरी माणूस किती मिनिटं थांबला, आणि मैदान झाल्यावर पुढच्या आठवड्यात तोच व्हिडिओ अजून किती जणांनी बघितला. हा तिसरा आकडा तुझ्यासारख्या चॅनलचा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, कारण नोकरीवाला माणूस रात्री बघतो. मग त्यांना सांग, समोरच्यालाही हेच पान उघडून दाखवायला सांगा. एवढंच म्हण, त्याच्याबद्दल वाईट एक शब्द बोलू नको.

जाहिरातदाराला तर याहून सोपं आहे. पशुखाद्याचा दुकानदार, ट्रॅक्टरचा शोरूमवाला, सराफ, यांच्यासाठी स्क्रीनवर पट्टी लावताना त्यांचा एक वेगळा नंबर दे, किंवा 'लाइव्हवर बघून फोन केलाय असं सांगा' हे निवेदकाकडून म्हणवून घे. दहा फोन आले तरी तो पुढच्या मैदानाला स्वतः विचारत येतो. चार हजार सांगून एक फोन नाही आला तर तो परत येत नाही, आणि गावातल्या दहा जणांना सांगतो की लाइव्हची जाहिरात काही कामाची नाही, मग आपण सगळेच गेलो. खोटा आकडा सांगून दुकानदाराकडून पैसे घेणं ही फसवणूकच आहे, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त राग त्याचा येतो, कारण तो दुकानदार आपल्या ओळखीचा असतो, त्याने घामाचे पैसे दिलेले असतात. आणि हो, पैसे घेऊन जाहिरात दाखवतोयस तर अपलोड सेटिंगमध्ये पेड प्रमोशनचा बॉक्स टिक करायला विसरू नको.

एखादी कमिटी तरीही चार हजारवाल्याकडंच जाईल. जाऊ दे. असं एक-दोन हंगाम होऊ शकतं, ते तुझ्या गावातल्या राजकारणावर आणि ओळखींवर पण अवलंबून आहे, त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

आता वाढायचं कसं. आधी हे बघ की तुझे पन्नास-साठ लोक कमी नाहीत. सरासरी ५० माणसं ६ तास थांबली तर एका मैदानाचे ३०० वॉच अवर झाले. अशी १४ मैदानं केलीस तर ४,२०० तास. यूट्यूब पार्टनर (कमाईत वाटा देणारी त्यांची योजना) मध्ये पूर्ण मॉनेटायझेशनसाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास लागतात, म्हणजे एका हंगामात तासांची अट तू खऱ्या माणसांवर पार करतोस. त्याच्या आधीची पायरी ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि ३,००० तास अशी आहे, त्यात सुपर चॅट आणि मेंबरशिप (प्रेक्षक थेट पैसे देतात ते) सुरू होते. पण इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, लाइव्ह संपल्यावर तो व्हिडिओ डिलीट केला, प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड ठेवला तर ते तास धरत नाहीत. आणि यूट्यूब १२ तासांच्या आतलंच लाइव्ह आपोआप साठवतं. आपली मैदानं सकाळी सातला सुरू होऊन फायनलला अंधार पडतो, त्यातून तू तासभर आधीच लाइव्ह लावून ठेवतोस, मग १२ तास ओलांडले की दिवसभराची मेहनत जाते. म्हणून मी नेहमी दोन भाग करतो, गट एका लाइव्हमध्ये, सेमी आणि फायनल दुसऱ्यात. दुसऱ्याची लिंक आधीच शेड्यूल करून पहिल्याच्या चॅटमध्ये पिन करून ठेवायची. फायनलची वेगळी लिंक असली की नंतर शोधणाऱ्यालाही ती लगेच सापडते.

चित्रापेक्षा आधी नेट आणि आवाज. हे तुला पटणार नाही, नवीन मुलं सगळी कॅमेऱ्याच्या मागं असतात, पण माणूस अंधुक चित्र सहन करतो, अडकणारं लाइव्ह सहन करत नाही. आदल्या दिवशी मोकळ्या रानात स्पीड टेस्ट केली म्हणून खूश होऊ नको, मैदानाच्या दिवशी दहा हजार फोन त्याच टॉवरवर येतात. शक्यतो शेजारच्या वस्तीवरून, पतसंस्थेतून नाहीतर ग्रामपंचायतीतून ब्रॉडबँडची वायर ओढून घे, मालकाला आधी विचारून, पैसे देऊन. नाही जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेव. ७२०पी ला साधारण ४ एमबीपीएस लागतात, अपलोड त्याच्या दुप्पट मिळत नसेल तर १०८०पी चा नाद सोड. लेटन्सी नॉर्मलवर ठेव, वीस-तीस सेकंद उशीर चालतो पण बफरिंग कमी होतं. आवाजासाठी स्पीकरसमोर मोबाइल धरू नको, साउंडवाल्याला भेटून त्याच्या मिक्सरमधून लाइन घे, सोबत एक साधा माइक लोकांच्या आवाजासाठी आणि हलगीसाठी. निवेदकाचा शब्द न् शब्द कळला पाहिजे, गलाईच्या दुकानात बसलेला माणूस अर्धा वेळ नुसता ऐकत असतो.

पण मैदानात डीजेवर सिनेमाची गाणी लागतात त्याचं बघ. लाइव्हमध्ये कॉपीराइटचं गाणं ओळखलं गेलं तर इशारा येतो, नाही थांबलं तर चित्र काढून तिथं दुसरंच लावतात किंवा लाइव्ह बंद पडतं. गाणं सुरू झालं की मिक्सरची लाइन खाली ओढायला एक माणूस ठेव.

आता निकाल. बैलगाड्यात लोक कशाला थांबतात तर निकालाला. दोन गाड्या शेजारशेजारच्या चाकोरीतून एकदम आल्या, झेंडा पंचाने एकीकडं हात केला, पब्लिक दुसरीकडं ओरडतंय, अशा वेळी ज्याच्याकडं निकालाच्या रेषेत सरळ लावलेला कॅमेरा आहे त्याच्याकडं लोक येतात. कॅमेरा तिरका असेल तर अलीकडची गाडी पुढं दिसते, म्हणून रेषेच्या दोन्ही टोकांना खुंट्या मारून दोन्ही खुंट्या एकमेकांवर दिसतील असा स्टँड लाव आणि दिवसभर त्याला हात लावू देऊ नको. फ्रेम रेट जास्त ठेव, उन्हात शटर स्पीड वाढव म्हणजे बैलांची तोंडं पुसट येणार नाहीत. फेरा झाला की दहा सेकंदात तेच सावकाश परत दाखव. चॅटमध्ये 'निकाल परत दाखवा' असं लिहायची वेळ येऊ देऊ नको. असं सहा-सात मैदानं केलंस की पंच स्वतः तुझ्या तंबूत येऊन निकाल बघून जातात, आणि पंच तुझ्याकडं येतात हे कमिटीला दिसतं. तुझा आकडा जे सांगू शकत नाही ते इथं दिसतं. कुस्तीत तेच निकाली कुस्तीचं, चितपट झाली का नाही हे दाखवणारा खाली मातीच्या पातळीवरचा एक कॅमेरा हवाच, नुसता स्टेजवरून दाखवून भागत नाही.

चॅटमध्ये एक माणूस बसव. घरातलं कुणी असलं तरी चालेल, बहीण, भाचा, ज्याला बैलांची, पैलवानांची नावं माहीत आहेत असं कुणी. गट क्रमांक कितवा चाललाय, आता कोण येणार, हे सतत लिहीत राहायचं. 'दादा आमच्या गावाचं नाव घ्या' म्हणणाऱ्याचं नाव घ्यायचं. शिव्या आणि पैजेची भाषा लगेच काढायची, त्यासाठी शब्दांची यादी सेटिंगमध्ये टाकता येते. पैजा लावणं बेकायदेशीर आहे, तुझ्या चॅटमध्ये ते चाललं तर नाव तुझं येतं. तसंच परवानगीचं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ ला शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला म्हणजे काहीही करा असं नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच आणि बैलाला मारणं-टोचणं चालत नाही. परवानगीचा कागद बघितल्याशिवाय मी लाइव्ह लावत नाही, आणि तसलं काही दिसलं तर कॅमेरा तिकडं नेऊन ते चवीने दाखवणं माझ्याच्याने होत नाही. आपण हे बैलावरच्या प्रेमापोटी करतो ना.

मैदान झाल्यावरचं काम लोक टाळतात आणि वाढ मात्र तिथंच होते. रात्री झोपायच्या आधी टायटल नीट कर, गावाचं नाव, तालुका, तारीख, आदत (कोवळ्या वयाचे बैल) का ओपन, आणि फायनलमधल्या गाड्यांची नावं. वर्णनात प्रत्येक गटाची वेळ टाक, सुरुवात ०:०० पासून, म्हणजे चॅप्टर दिसतात आणि माणूस थेट आपल्या गाडीवर जातो. ज्यांची गाडी पहिली आली त्या मालकाला त्या फेऱ्याची लिंक पाठव, तो त्याच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो, तुझ्या स्टुडिओत एक्सटर्नल ट्रॅफिकमध्ये व्हॉट्सअॅप वर चढलेलं दिसेल. शॉर्ट्स करायला हरकत नाही, आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण शॉर्ट्सचे वॉच अवर त्या ४,००० मध्ये धरत नाहीत, त्यांचा उपयोग लोकांना मूळ व्हिडिओवर आणायला. दुसऱ्याच्या लाइव्हमधलं चित्र उचलून टाकू नको, तीन कॉपीराइट स्ट्राइक झाले की चॅनल जातं.

किती दिवसात वाढेल हे मी सांगू शकत नाही, तुला मैदानं किती मिळतात, एकाच मैदानावर किती चॅनल आहेत, तू एकटा आहेस का सोबत कुणी आहे, यावर आहे ते. पण कुठं बघायचं ते सांगतो. नेहमीचे प्रेक्षक वाढतायत का आणि सरासरी थांबायची मिनिटं वाढतायत का, बास. हे दोन वाढत असतील तर साठचे नव्वद व्हायला वेळ लागला तरी तू बरोबर चाललायस. हे दोन जागेवर असतील तर दर मैदानाला एकच गोष्ट बदलून बघ, एकदा आवाज, एकदा कॅमेऱ्याची जागा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.

आणि ते पाचशे सबस्क्रायबर. नवीन चॅनल काढू नको. जे खरे लोक आहेत ते या चॅनलवर आहेत, तुझी जुनी मैदानं इथं आहेत, लोक अजून शोधून बघतात ती. यूट्यूब अधूनमधून खोटी खाती साफ करतं तेव्हा तुझा आकडा एकदम खाली येईल, घाबरू नको, परत भरायला जाऊ नको. मित्राला सांग की प्रेमाने केलंस पण परत नको, आणि त्याच्याकडं चॅनलचा अॅक्सेस असेल तर तो काढून घे, पासवर्ड बदल, गुगल खात्यात जाऊन सगळ्या अनोळखी डिव्हाइसवरून लॉगआउट कर. त्या पाचशेमुळं तू एक हजाराच्या जवळ दिसत असशील तर मॉनेटायझेशनचा अर्ज करायची घाई करू नको, ते वजा करून सुद्धा हजार भरतील तेव्हा कर, कारण अर्ज केल्यावर चॅनल तपासलं जातं. तोवर चैत्रातल्या जत्रा आहेतच, तारखा घ्यायला आत्तापासून लाग. निकालाच्या कॅमेऱ्याचं काही अडलं तर तुझ्याकडं कुठला कॅमेरा आणि कुठला स्विचर (कॅमेरे बदलायचं यंत्र) आहे तेवढं लिही, मी सेटिंग सांगतो.